मापाच्या वह्यांतला रेडिओ : मास्तरांना पत्र

ती. मास्तर यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र दुकानात आणून न देता असं चारचौघांत का लिहिलं, म्हणून तुम्ही रागवाल. पण समोर उभं राहून आभार मानायला लागलो की तुम्ही गळ्यातली टेप काढता आणि "पोट वाढलंय रे तुझं" म्हणून विषय बदलता. दोनदा झालं. तिसऱ्यांदा तोंडी प्रयत्न करणार नाही.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्या वाचनालयात आकाशवाणीच्या पुणे केंद्राविषयी बोलायचं मी कबूल करून बसलो होतो. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी, तेव्हापासून त्यावरचं संगीत कसकसं बदलत गेलं, असा विषय. मंत्री कोण, धोरण काय, हे पुस्तकांत सापडत होतं. पण पुण्यातल्या एखाद्या दुकानात, कुठल्याशा मंगळवारी दुपारी, प्रत्यक्ष काय वाजत होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन-तीन दारं वाजवली. चहा मिळाला, कागद मिळाले नाहीत. व्याख्यानाला तीन आठवडे उरले असताना मी पँटची उंची कमी करायला तुमच्याकडे आलो आणि सहज रडगाणं गायलो. तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "माळ्यावर आहे बघ थोडं."

थोडं म्हणजे अस्तराच्या पट्ट्यांनी बांधलेले वह्यांचे तीन गठ्ठे!

मापाच्या वह्या. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, खाली उंची, छाती, शोल्डर, बाही, कॉलर. पँट असेल तर कंबर, सीट, मांडी, मोहरी. आणि उजव्या समासात खडूच्या निळ्या डागांमधून बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी. 'सि.', 'पु.', 'वि.'. कुठे 'सैगल', कुठे 'बातम्या', कुठे नुसतं 'पेटी'. मला वाटलं, कापडाच्या गिरण्यांच्या खुणा असतील. तुम्ही हसलात. सिलोन, पुणे, विविध भारती: रेडिओची स्टेशनं ती. मग ते घड्याळाचं सांगितलंत.

दुकानात घड्याळच नव्हतं. तुमच्या वडिलांनी घड्याळ की रेडिओ असा विचार करून व्हॉल्व्हचा मर्फी घेतला होता, वर पोस्टात दरवर्षी लायसन्सचे पैसे भरायचे. दुसरा खर्च परवडणारा नव्हता. कारागिरांना मजुरी नगावर. कॉलर बसवायला किती वेळ लागला, काजं करणाऱ्या बाईंनी डझनभर शर्ट कधी संपवले, याचा हिशेब रेडिओवर. सकाळी सिलोनवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि त्याचं शेवटचं गाणं सैगलचं. सैगल आला की आठ वाजत आले. म्हणून एका पानावर 'बाह्या दोन्ही – सैगल' असं आहे. मी तो शब्द वाचून काहीतरी रसिकतेची नोंद समजत होतो. ती मजुरीची नोंद होती.

मास्तर, तुम्ही दिलेली मोठी मदत ही. नुसत्या वह्या नाहीत, त्या वाचायच्या कशा ते दिलंत. माझ्या टिपणात मी चार चौकोन आखले होते: शास्त्रीय संगीताचा काळ, विविध भारतीचा काळ, जाहिरातींचा काळ, एफएमचा काळ. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ते पाहिलंत आणि म्हणालात, "एवढं काटेकोर कापशील तर शिवशील कुठं? माया सोड जरा." (माया म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड.) मग पहिल्या चौकोनापासूनच माझी शिवण उसवायला सुरुवात केलीत.

पहिला चौकोन मी फार थोरपणाने लिहिला होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, सिनेसंगीताला त्यांनी कात्री लावली, शास्त्रीय संगीताला मोठी जागा दिली, शनिवारी रात्रीची राष्ट्रीय संगीतसभा सुरू झाली, वगैरे. सगळं खरं. निर्मात्यांशी वाद होऊन सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली, हेही खरं. त्यावर तुम्ही विचारलंत, "आणि लोक काय, गप्प बसून यमन ऐकत होते?" लोकांनी काटा फिरवला. शॉर्टवेव्हवर कोलंबोचं रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ पासून बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची आणि रस्ते ओस पडायचे. म्हणजे पुणे केंद्र सुरू झालं तेव्हाच पुण्याचा निम्मा कान कोलंबोत होता. माझ्या टिपणात कोलंबो एका ओळीत होतं, तेही कंसात.

पण केंद्रानं त्या कोंडीतून जे काढलं, त्याबद्दल तुमच्याइतकं जिवंत मला कुणी सांगितलं नाही. सिनेमाचं गाणं लावायचं नाही म्हटल्यावर नवं गाणं स्वतःच बनवायला हवं. भावगीत, अभंग, नाट्यगीत. राम फाटकांसारखे संगीतकार केंद्रातच, आणि भीमसेन जोशींसारखे गायक त्यांच्या चाली गायला यायचे. केंद्राचे सीताकांत लाड यांनी गदिमांच्या मागे लागून गीतरामायण करून घेतलं ते याच काळात. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार सकाळ. आठवड्याला एक गाणं. ठरली होती बावन्न, त्या वर्षी अधिक भाद्रपद आला म्हणून झाली छप्पन्न. हे सगळं मला पाठ होतं. तुम्ही काय सांगितलंत? की तुमच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता, तुम्ही वाड्याच्या मालकांच्या खिडकीखाली उभे राहायचात, आणि आत सेटवर मालकीणबाईंनी हार घातलेला असायचा, उदबत्ती लावलेली असायची. धूर खिडकीतून बाहेर यायचा आणि तुम्हाला वाटायचं की रेडिओतूनच येतोय. गाणं शुक्रवारी चुकलं तर शनिवारी-रविवारी पुन्हा लागायचं, म्हणून तुम्ही तिन्ही दिवस हजर.

आणि पेटी. तुमचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे हे मला ठाऊक नव्हतं. आकाशवाणीवर पेटीला १९४० पासून बंदी होती. बारा सुरांच्या ठरलेल्या पट्ट्यांमध्ये श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, बसत नाहीत, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, असं संगीतातल्या जाणकारांचं आणि तेव्हाच्या साहेबांचं म्हणणं पडलं. सारंगी चालेल, पेटी नाही. ज्या महाराष्ट्रात नाटकाचा पडदा ऑर्गनच्या सुरावर वर जातो, तिथल्या केंद्रालाही तोच नियम. पु. ल. देशपांड्यांसारखा पेटीवाला आकाशवाणीत नोकरी करत होता आणि त्याच आकाशवाणीच्या स्टुडिओत पेटीला मज्जाव होता, हा विनोद पुलंनी स्वतः रचला असता तरी कुणाला खरा वाटला नसता. तुमचे वडील रात्री भजनाला जाताना रेडिओकडे बघून म्हणायचे, "तुमच्यात नाही ना? आमच्यात आहे." सिनेमाच्या तबकड्यांवरून मात्र पेटी बिनदिक्कत ऐकू यायची; तबकडीला कोण अडवणार! बंदी सैल झाली १९७१ मध्ये. त्या वर्षाच्या वहीत एका लेंग्याच्या मापाशेजारी तुमच्या वडिलांच्या मोडीवळणाच्या अक्षरात एकच शब्द आहे, 'पेटी', खाली दोन रेघा. गाणारा कोण, राग कुठला, काही नाही. तो शब्द मी व्याख्यानात पडद्यावर मोठा करून दाखवला. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून जवळ येऊन बघून गेले.

दुसरा चौकोन तुम्ही वहीनंच खोडलात. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. सिलोनला उत्तर म्हणून सरकारनेच सिनेसंगीताला दार उघडलं. मी लिहिलं होतं, 'तेव्हापासून पुणेकर विविध भारतीकडे वळले.' तुमची पहिली वही १९६३ ची. त्या वर्षी समासात 'सि.' किती आणि 'वि.' किती, ते तुमच्या नातीनं बोटानं मोजून दाखवलं. 'सि.' पानोपानी, 'वि.' अधूनमधून. 'वि.' वाढू लागते ती १९६७ च्या शेवटापासून. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई, नागपूर आणि पुण्यात विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि तिचा आवाज पुण्यात जवळून, खरखर न होता येऊ लागला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गाणी तीच होती रे. सिलोन दुपारी जायचं, हे राहायचं." धोरण, स्पर्धा, लोकाभिरुची असे मोठे शब्द मी तयार ठेवले होते. सगळं आवाज स्पष्ट येण्यावर आलं.

जाहिरातींमुळे तुमची पंचाईत झाली ती मला फार आवडली. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात तीन मिनिटं साबण आणि चहा गेले, तर कारागीर म्हणायचा, "मास्तर, गाणी कमी झाली, मग माझी कॉलर उशिरा कशी?" म्हणून तुम्ही 'जा.' अशी वेगळी खूण सुरू केलीत. जाहिरातींचा ताळेबंद पुण्यात कुठल्या कंपनीनेही इतक्या चिकाटीने ठेवला नसेल.

सत्तर आणि ऐंशीच्या वह्यांबद्दल फार लिहीत नाही. 'पु.'वर आपली आवड, 'वि.'वर संध्याकाळी फौजींच्या फर्माइशींची जयमाला, तेच ते, आणि त्या तेच-ते पणाचं तुम्हाला कौतुक. एवढंच, की १९८९ मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली तेव्हा तुम्ही समासात 'सि.' लिहून ते खोडून 'वि.' केलंय. सवय.

मग शेवटचा गठ्ठा. २००१ पासून देशात खासगी एफएम आलं, लवकरच पुण्यातही. तुमच्या नव्या कारागिरांना तेच हवं. तुम्ही हरकत घेतली नाहीत; "आवाज काचेसारखा," म्हणालात. पण समासातल्या नोंदी महिन्याभरात गडबडल्या. 'गाणं', 'गाणं', 'परत तेच'. त्यांना कार्यक्रमच नव्हते. गाणं, बडबड, जाहिरात, गाणं. बातम्यांना तर परवानगीच नव्हती. मी तुम्हाला सांगितलं की परवान्याची रक्कम ठरलेली आणि दरवर्षी पंधरा टक्क्यांनी चढणारी, म्हणून सगळे चालू हिंदी गाण्यांनाच चिकटले. पुढे मिळकतीच्या चार टक्के असं सूत्र आलं तेव्हा त्यांना श्वास मिळाला. मराठी गाणं तरी तिथे पाहुण्यासारखंच राहिलं, हे माझं मत. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, "ते असेल. माझं काय झालं सांगू? मी भिंतीवरचं घड्याळ आणलं."

त्या घड्याळाची पावती शेवटच्या वहीत टाचलेली आहे. तिच्यानंतर समास कोरे.

मी तीन आठवडे शोधत होतो की गाण्यांचा प्रकार कुठल्या कुठल्या वर्षी बदलला. दिवसाला काठ असायचे आणि एका वर्षी ते गेले, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. चौकोनांचा तक्ता फाडला. व्याख्यान तुमच्या वह्यांवरच दिलं. चाळीस मिनिटांचं सव्वा तास झालं आणि कुणी उठलं नाही. (एक गृहस्थ उठले, पण ते खोकण्यासाठी.) तुमचं नाव घेऊ नका अशी तुमची अट होती, ती तिथेही पाळली, इथेही.

आणखी एक आभार आहेत, ते घरगुती. १९६८ च्या वहीत, मार्गशीर्षातल्या एका पानावर माझ्या वडिलांचं नाव निघालं. लग्नाचा कोट. छाती ३४, कंबर २८. मी वडिलांना अठ्ठावीसच्या कंबरेचे कधी पाहिलेले नाहीत. शेजारी 'वि.' आणि 'ट्रायल – जयमाला'. म्हणजे ते संध्याकाळी सातनंतर आले होते, बहुतेक कचेरी सुटल्यावर सायकलवरून. आईला फोटो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "कोट घट्टच झाला होता. मास्तरांना सांगू नकोस."

सांगितलं.

वह्या दोन गठ्ठे परत आणतोय. तिसरा स्कॅन व्हायचा आहे, त्याला आठ दिवस द्या. १९७१ च्या वहीचं एक पान शिवणीतून सुटलंय, मी डिंक लावलेला नाही, तुम्हीच दोरा घाला. आणि ती पँट अजून तुमच्याकडेच आहे. घाई नाही. शनिवारी जयमालापर्यंत येतो.

तुमचा,
अर्धा इंच वाढलेला गिऱ्हाईक