दुरुस्त झालेला दोष पुढच्या अपडेटमध्ये परत आल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

आम्ही औषधांचे घाऊक विक्रेते असून अनेक वर्षे तुमचेच बिलिंग सॉफ्टवेअर वापरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तुमचे अपडेट वेळेत आले, नव्या बिलांना दरही बरोबर लागला. तक्रार आहे ती परत येणाऱ्या मालाची.

आमच्या धंद्यात एक्स्पायरीचा माल विक्रीनंतर कित्येक महिन्यांनी परत येतो. तो 12 टक्क्यांनी विकला असेल तर क्रेडिट नोटही (परत आलेल्या मालाचे पैसे दुकानदाराच्या खात्यात जमा दाखवणारा कागद) 12 टक्क्यांनीच निघायला हवी. तुमचे सॉफ्टवेअर मूळ बिल न बघता आजचा दर लावत होते. हजाराच्या मालाचे दुकानदाराने 1120 रुपये दिलेले, क्रेडिट मात्र 1050 चे. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेणाऱ्याला निदान हिशेब जुळवता येतो. कंपोझिशन योजनेतल्या लहान दुकानदाराला ही वजावट मिळत नाही; त्याचे ते 70 रुपये बुडतात आणि तो आम्हाला जाब विचारतो. त्याचे बरोबरच आहे.

ऑक्टोबरमध्ये कळवल्यावर तुम्ही दुरुस्ती पाठवलीत. पण छपाईतल्या किरकोळ सुधारणेसाठी आलेल्या पुढच्या अपडेटने तोच दोष जसाच्या तसा परत आणला. तुमच्या सपोर्टचे उत्तर होते, "अपडेटमध्ये चुकून जुनी फाइल गेली असेल, दुरुस्ती पुन्हा पाठवतो."

हे उत्तर मला मान्य नाही. दोष सापडला की त्याची टेस्ट लिहायची आणि प्रत्येक अपडेटआधी ती आपोआप चालवायची, हा या क्षेत्रातला जुना, सर्वमान्य शिरस्ता आहे. इथे लागणारी टेस्टही साधी आहे: ऑगस्टचे 12 टक्क्यांचे बिल घ्या, ऑक्टोबरमध्ये माल परत करा, क्रेडिट नोटवर 12 टक्के येतात का बघा. ती असती तर जुनी फाइल तुमच्या ऑफिसातच अडकली असती. एकाचा कोड दुसऱ्याने तपासला असता तरीही अडकली असती.

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. नंतर त्या कंपनीने कारण जाहीर केले: प्रोग्राम 21 वे मूल्य वाचायला गेला, पुरवलेली होती 20. पुढची अपडेट टप्प्याटप्प्याने सोडण्याचेही तिने ठरवले. तुम्ही मात्र सगळ्या ग्राहकांना एकाच रात्री अपडेट पाठवता आणि त्यात काय बदलले तेही कळवत नाही.

या दोषाची टेस्ट तुमच्या कोडमध्ये कायमची घातल्याचे लेखी कळवावे. पुढची अपडेट आधी थोड्या ग्राहकांकडे चालवून मगच इतरांना द्यावीत, आणि तोवर आमच्या संगणकांवर आपोआप चढवू नयेत. चुकलेल्या क्रेडिट नोटांची यादी सोबत जोडली आहे. जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची मुदत 11 तारखेला संपते. त्याआधी त्या दुरुस्त करून मिळाव्यात.

आपला,
एक घाऊक औषध विक्रेता, सांगली