चोवीस तासांना एकच मावशी?

महोदय,

पक्षाघाताचे, खुब्याचे हाड मोडलेले पेशंट हल्ली मिरजेच्या दवाखान्यांतून नाकातल्या, भरवण्याच्या नळीसकट, लघवीसाठी घातलेल्या कॅथेटरसकट घरी येतात. हातातल्या कागदावर गोळ्यांची यादी आणि पुढची तारीख, बास. मग घरचे, पेशंटच्या सेवेला माणूस पाठवणाऱ्या ब्युरोला फोन लावतात. ‘ट्रेन्ड सिस्टर’ म्हणून येणाऱ्या बाईची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे कोणी विचारत नाही. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे यात कितीतरी मदतनीस मावश्या नोंदणीकृत नर्सला मागे टाकतील. पण नळी बदलणे, कॅथेटर घालणे, शिरेतून इंजेक्शन देणे ही त्यांची कामे नव्हेत.

इन्सुलिनचेच पाहा. बाटलीतले बहुधा एका मिलीला ४० युनिटचे असते, पेनच्या कार्ट्रिजमधले १०० चे. सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात २५ युनिट जातात. साखर घसरून पेशंट घामाघूम, बेशुद्ध होतो आणि घरच्यांना वाटते, पुन्हा झटका आला. बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा जुळवूनच औषध भरावे.

नळीतून भरवताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. नळीवर नाकपुडीपाशी केलेली खूण सरकली असेल तर थेंबही सोडू नये. एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या काढून, आपोआप उतरेल तसे. शेवटी ३० मिली पाणी. दट्ट्याने ढकलले की पोटातले उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, मग न्यूमोनिया ठरलेला.

सगळ्यात मोठी फसवणूक ‘२४ तास ड्यूटी’ची. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. दिवसभर राबलेली बाई हे कसे करणार? तिला झोप लागते, यात तिचा काय दोष? सकाळी माकडहाडावर लाल चट्टा दिसतो आणि त्यावर पावडर चोळली जाते. चोळल्याने आतली इजा वाढते. चट्टा बोटाने दाबून पाहावा. लाली फिकी होत नसेल तर जखमेची ती सुरुवात समजावी. एअर बेड घेतला की कूस बदलायला नको, हाही भ्रमच, आणि लाईट गेली की बहुतेक बेड हळूहळू बसतातच.

लाईटवरून ऑक्सिजन आठवला. घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन देणारे विजेवरचे यंत्र, असेल तर भरलेला बी टाईप सिलिंडर शेजारी हवाच. त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटरने बारा तास पुरतो. ऑक्सिजनने आग भडकते, म्हणून खोलीत देवघर असेल तर समई-उदबत्ती दुसऱ्या खोलीत हलवावी, मग घरातल्या मोठ्यांना कितीही रुचले नाही तरी.

खाटा असलेल्या रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. पेशंटच्या घरी माणूस पाठवणारा ब्युरो त्यात बसत नाही. म्हणून सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने आपल्या हद्दीतल्या ब्युरोंची यादी तरी करावी. पाठवलेली व्यक्ती नर्स की मदतनीस, हे ब्युरोने लेखी द्यावे, मदतनिसाने काय करायचे नाही तेही त्याच कागदावर असावे, आणि २४ तासांसाठी दोन पाळ्या बंधनकारक कराव्यात. वापरलेल्या सुया घंटागाडीत पडून सफाई कामगारांच्या हाताला टोचतात. त्या जाड डब्यात परत घेण्याची जबाबदारी ब्युरोवर टाकावी.

आणखी एक. कृष्णेचे पाणी चढले की काय होते, हे सांगलीच्या गावभागाने २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिले आहे. घरी ऑक्सिजनवर असलेल्यांची प्रभागवार यादी मे महिन्यातच महावितरण आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाकडे गेली पाहिजे.

– एक परिचारिका प्रशिक्षक, मिरज