राळेगावच्या झेरॉक्सवाल्या काकूंना

काकू, नमस्कार.

हे सगळं तुमच्या पुढ्यात बसून बोलायला गेलो की तुम्ही "राहू दे बाप्पा, अगोदर चहा घे" म्हणून विषय बदलता, मागच्या दिवाळीत पण तेच केलं, म्हणून आता लिहूनच काढतो आणि सगळ्यांना वाचू देतो. तुमच्या पोरीला सांगून ठेवलंय, ती तुम्हाला वाचून दाखवेल, मधात उठू नका.

तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगता की पोरगं स्वतःच्या मेहनतीनं वर आलं. चांगलं वाटतं ऐकून, पण ते अर्धंच खरं आहे काकू. मेहनत तर मी तुम्ही भेटायच्या आधीपण करत होतो, आजच्यापेक्षा जास्त करत होतो, आणि त्या मेहनतीनं मी एक पाऊल पण पुढं सरकलो नव्हतो.

बाबा गेले २०१५ च्या जानेवारीत. मालकाकडं सालदार होते, म्हणजे वर्षाच्या ठरावावर शेतात राबणारे, दुखण्यासाठी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, ३२ हजार अंगावर राहिली. आमच्याकडं सालदाराचं साल पाडव्याला लागतं आणि पाडव्यालाच सुटतं. त्या पाडव्याला मी नववी अर्धी सोडून बाबांच्या जागी उभा राहिलो, वय १६. साल ठरलं ४५ हजार. पहाटे चारला उठून शेणगोटा, मग वखर नाहीतर डवरा, पऱ्हाटी म्हणजे कपाशी वाढली की पाठीवर पंप घेऊन फवारणी, थंडीत रात्रीचं ओलित कारण शेतीची लाईन एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री, आणि ओलित नसलं की रानडुकराची जागल. राहायला वावरातला कोठा. एका बाजूनं बैल, मधात तुराट्यांचा कूड, दुसऱ्या बाजूनं मी, आई आणि लहान बहीण. युरियाची पोती आणि औषधाचे डबे आमच्याच बाजूला ठेवलेले असायचे, पावसाळ्यात टिन तापून-गळून तो वास असा कोंडायचा की बहिणीला जेवण जायचं नाही. काम सोडलं की त्याच दिवशी घर पण सुटणार, हे आईला पक्कं माहीत होतं, त्यामुळं ती मला कधीच काही बोलू द्यायची नाही.

मालकाची एक लाल डायरी होती. किराणा, गोळ्या-औषध, सणाचे शंभर-दोनशे सगळं त्यात, आणि एक खाडा, म्हणजे कामाचा एक दिवस चुकला, की दोन दिवसाचे कटायचे. पहिल्या सालाच्या शेवटी हिशोब झाला तर ३२ चे २७ झाले होते. त्याच दिवशी आईच्या दवाखान्यासाठी परत ८ घ्यावे लागले. म्हणजे वर्षभर राबून मी ३५ वर पोचलो. त्या दिवशी मी काही बोललो नाही, बैलाला पाणी पाजलं आणि त्याच्याजवळच बसून राहिलो.

मग ऑगस्ट २०१६. मालकानं सातबारा आणि आठ-अ ची झेरॉक्स आणायला तुमच्या दुकानात पाठवलं. गर्दी होती, एक म्हातारे आजोबा बँकेचा फॉर्म घेऊन उभे होते, त्यांना लिहिता येत नव्हतं, मी काउंटरवर टेकून त्यांचा फॉर्म भरून दिला. तुम्ही मशीनवरून मान वर केली, फॉर्म हातात घेतला आणि विचारलं, "अक्षर तर चांगलं हाय तुह्यं, कोणत्या वर्गात हायेस?" मी म्हटलं सालदार आहे. तुम्ही अरेरे केलं नाही. एवढंच म्हटलं, "१७ नंबरचा फॉर्म भरत काहून नाईस?"

मला वाटलं १७ नंबर म्हणजे काही कोर्टाचं काम आहे. शाळा सुटली तरी बाहेरून दहावीला बसता येतं हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. दीड वर्ष मी दर बाजाराला राळेगावात येत होतो आणि त्या दुकानापासून पन्नास पावलांवरून जात होतो, आजपण त्या गोष्टीचा विचार आला की कसंतरी होतं.

त्यानंतरचं कागदांचं महाभारत तुम्हीच लढल्या. टीसीवर जन्मतारीख एक आणि आधारवर १ जानेवारी, अर्ध्या गावाची आधारवर १ जानेवारीच आहे. ते दुरुस्त करायला तीन चकरा. शाळेत गेलो तर तिथं सांगितलं की बाहेरचे पोरं बसले की शाळेचा निकाल पडतो, जागा नाही. मी परत आलो आणि तुम्हाला म्हटलं राहू द्या काकू. तुम्ही शटर अर्धं ओढलं, भर दुपारी, गिऱ्हाईक उभं असताना, आणि माझ्यासोबत शाळेत आल्या. तिथं काय बोलल्या मला बाहेर ऐकू आलं नाही, पण वीस मिनिटांनी कारकूनानं मला आत बोलावून सही घेतली.

तो निळा प्लास्टिकचा फोल्डर अजून माझ्याजवळ आहे, बटणवाला. त्याच्या आतून तुम्ही कागद चिकटवला होता, बॉलपेननं लिहिलेला: टीसी, आधार, रहिवासी, उत्पन्न, जातीचा दाखला, आणि जातीच्या पुढं कंसात "१९६७ च्या आधीचा पुरावा, आज्याची कोतवाल बुकाची नक्कल काढ". आज्याचं नाव तहसीलच्या जुन्या रेकॉर्डात सापडेल यावर माझा विश्वासच नव्हता. सापडलं. पिवळ्या पडलेल्या पानावर मोडीसारख्या अक्षरात आज्याच्या जन्माची नोंद, ती नक्कल हातात आली तेव्हा आई त्या कागदाच्या पाया पडली. जे जे मिळालं त्याच्यापुढं तुम्ही बरोबरची खूण करत गेल्या.

अभ्यास केला ओलिताच्या रात्री. स्टार्टरच्या पेटीजवळ बसायचं, वाफे भरेपर्यंत मोबाईलच्या उजेडात तुम्ही दिलेली जुनी पुस्तकं वाचायची, पाणी फुटलं की फावडं घेऊन पळायचं, परत येऊन तेच पान. आमच्या भागात तेव्हा वाघाची भीती सुरू झाली होती, पुढं २०१८ च्या नोव्हेंबरात मारलेली अवनी वाघीण याच राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यातली, त्यामुळं मागं पाचोळा वाजला की पुस्तक हातातून पडायचं. गणित काही केल्या यायचं नाही. तुम्ही रविवारी दुकान बंद झाल्यावर शिकवायच्या, आणि उशीर झाला की चून-भाकर पुढं ठेवायच्या, "उपाशी पोटी बीजगणित नाई होत" म्हणून.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते पाडव्याचे.

२०१७ ला पाडवा २८ मार्चला आला, ऐन दहावीच्या पेपरात. तुम्ही ऑगस्टपासूनच माझ्याकडून एक वही लिहून घेत होत्या, शंभर पानी, रोजचा खाडा, रोजचा किराणा, तारखेसकट. मला तेव्हा कळायचं नाही हे कशाला. फेब्रुवारीत तुम्ही एका खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठीमागं हिशोब मांडला. सालदारीत हातात काय येतं, रोजंदारीनं काय येईल, आईला जिनिंगमध्ये काम मिळालं तर काय, खोलीचं भाडं किती. खाली रेघ ओढून म्हटलं, "या पाडव्याले उचल घेऊ नको. एक रुपया पण नाई. बाकी सगळं मंग पाहू." आणि १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्याचं पान प्रिंट करून दिलं की उचलीपायी माणूस बांधून ठेवता येत नाही.

पाडव्याच्या दिवशी मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. लाल डायरीत २० हजार निघत होते, माझ्या वहीत ११. पोलीस पाटील होते, आणखी दोघं जण होते. मालक लय ओरडले, बाबांचं नाव काढलं, माझे हात थरथरत होते म्हणून मी ते मांडीखाली दाबून बसलो. पण तारखा लिहिलेल्या होत्या काकू. दर तारखेला माझ्या वहीत काही ना काही लिहिलेलं होतं. शेवटी ११ वर तोडलं, दिवाळीपर्यंत फेडायचं ठरलं, ते आम्ही दसऱ्यालाच फेडलं. त्या संध्याकाळी बैलबंडी नाही, काही नाही, दोन बोचकी डोक्यावर घेऊन आम्ही तिघं तुम्ही पाहून ठेवलेल्या ७०० रुपये भाड्याच्या खोलीत आलो. दोन दिवसांनी उरलेला पेपर दिला.

अमरावती बोर्डाच्या मार्कशीटवर ५८ टक्के, गणितात ३७. आयटीआयत इलेक्ट्रिशियनला नंबर लागला नाही, तिसऱ्या राउंडला वायरमन मिळाला. एसटीचा पास काढला, विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत असते म्हणून परवडलं, रोज यवतमाळ. त्याच पावसाळ्यात, २०१७ मध्ये, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली, वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. माझ्या जागी मालकानं जो पोरगा ठेवला होता, माझाच वर्गमित्र, तोही दवाखान्यात होता, चार दिवस त्याला नीट दिसत नव्हतं. वाचला तो. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बाजूला बसून राहिलो, काय बोलावं सुचेना. तो पंप मी दोन पावसाळे पाठीवर घेतला होता, उघड्या अंगानं, तोंडाला नुसता दुपट्टा बांधून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०१९ ला आयटीआय झाली, बुटीबोरी एमआयडीसीत एक वर्ष अप्रेंटिस, मधात लॉकडाऊन, मग दोन वर्षं ठेकेदाराकडं, आता कंपनीच्याच रोलवर मेंटेनन्सला आहे. पीएफ कटतो, पगार सात तारखेला येतो. आई आता कापूस वेचायला जात नाही, बोटं सकाळी वळायची नाहीत तिची बोंडांच्या काट्यांनी, ती आता बरी आहेत. बहीण जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. तुम्ही झेरॉक्सचे पैसे मला कधी माफ केले नाहीत. नाही आहेत म्हटलं की तुमच्या वहीत लिहायच्या, माझ्या नावाचं अर्धं पान होतं. पहिला स्टायपेंड आला तेव्हा मी ५०० ची नोट घेऊन आलो. तुम्ही बाकी मोजली, ३४० निघाली, १६० परत दिले, आणि माझ्यासमोर त्या अर्ध्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेनानं रेघ मारली. बाबांच्या नावावर अशी रेघ मारलेली मी जन्मात पाहिली नव्हती. बस स्टँडपर्यंत मला नीट चालता आलं नाही त्या दिवशी.

तर मेहनत माझी होती हे मी मान्य करतो. ती माझ्या खात्यात पडायला लागली ती तुमच्यामुळं.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी येतोय, आईनं मूगवड्या घातल्यात तुमच्यासाठी. सोबत आमच्या गावचा एक पोरगा आहे, नववी सोडलेला, हात चालाख आहेत त्याचे. मालक उचल द्यायला तयार बसलाय, मी पोराला थांबवून ठेवलंय. टीसी काढून ठेवायला सांगितली आहे. आधारवर त्याचीपण १ जानेवारीच आहे, तेवढं पाहून घ्या. शंभर पानी वही मी घेऊन येतो.

तुमचा,
वायरमन