बाबांच्या अकरा वह्या सांभाळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

प्रिय बाळा,

तुझं नाव कुठे घालू नका, असं तू फोनवर दोनदा बजावलंस, म्हणून घालत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिणार आहे. माझ्या बाबांच्या बायबल अभ्यासाच्या वह्यांसाठी संगणकावर तू केलेलं काम माझ्या घरापुरतं राहिलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे बायबल अभ्यासाला बारा-पंधरा माणसं जमतात, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाईलला तुझा हात लागलेला आहे.

बाबांच्या वह्या तू पाहिल्यास, पण त्या कशा लिहिल्या गेल्या ते तुला कधी नीट सांगितलं नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. पहिल्या पाळीहून आले की आंघोळ, चहा, आणि मग खाटेवर मांडी घालून पवित्र शास्त्र आणि वही. शिक्षण सातवीपर्यंतचं. अक्षर मोत्यासारखं. जिथे काही अडेल तिथे समासात लाल शाईने एक शब्द लिहायचे : 'पाहणे'. अकरा वह्यांत असे कितीतरी 'पाहणे' आहेत. बहुतेक पाहायचे राहूनच गेले, कारण पाहणार कुठे? आमच्या पाळकसाहेबांच्या कपाटात जेम्स स्ट्राँगची जाडजूड शब्दसूची होती, १८९० साली पहिल्यांदा निघालेली. इंग्रजी बायबलातला प्रत्येक शब्द कुठे कुठे येतो आणि त्याच्यामागे मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द कोणता, हे तिच्यात आकड्यांनी दिलेलं असतं. हिब्रूचे आकडे ८६७४ पर्यंत, ग्रीकचे ५६२४ पर्यंत. पण ती उघडायची तर इंग्रजी हवं, आणि बाबा त्या कपाटापाशी संकोचायचे.

सातव्या वहीत योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायावर, याकोबाच्या विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीवर, त्यांनी लिहिलं आहे : 'वचन ११, स्त्री म्हणते विहीर खोल आहे. वचन १४, प्रभू झऱ्याविषयी बोलतो. मूळ भाषेत शब्द दोन की एक? पाहणे.' सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. वैशाखात जिथे विहिरी तळ दाखवतात, तिथे साचलेलं पाणी आणि वाहतं पाणी यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

२००३ साली मी जुळणी केलेला संगणक घेतला. तू तेव्हा अशोक चौकाजवळ नुकताच क्लास काढला होतास. घरी तेलुगू, शाळेत माझ्या हाताखाली मराठी, आई दिवसभर विड्या वळायची आणि तू पानं कापून द्यायचास. संगणक चालू करून दिलास आणि विचारलंस, "बाई, ह्याच्यात तुम्हाला काय शोधायचंय, ते सांगा की आधी." आजपर्यंत मला संगणक, मोबाईल, ॲप विकणारे पुष्कळ भेटले. हा प्रश्न आधी कुणी विचारला नाही. मी सातवी वही तुझ्यापुढे ठेवली.

आठवड्याने तू सीडी घेऊन आलास. ई-स्वोर्ड नावाचं बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या रिक मायर्स यांनी २००० साली ते काढलं आणि फुकट वाटलं. तेव्हा फोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटवर एवढं काही उतरवून घ्यायचं म्हणजे रात्र जायची, त्यात भारनियमन. तू ते कुठून, किती रात्री बसून मिळवलंस, मी विचारलं नाही. आज विचारायला हवं होतं असं वाटतं.

इंग्रजी बायबलात शब्दाच्या पाठीला स्ट्राँगचा छोटा आकडा चिकटलेला होता. त्यावर उंदराचा बाण नेला की खिडकी उघडायची. योहान ४, वचन ११ आणि १२ : आकडा ५४२१, शब्द 'फ्रेआर', खणलेली विहीर. वचन १४ : आकडा ४०७७, 'पेगे', झरा. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर दिसत होतं : शब्द दोन. मग तू म्हणालास, "बाई, सहावं वचन पण बघा." तिथे याकोबाच्या त्याच विहिरीला योहानाने आधी 'पेगे' म्हटलं आहे, तेही दोनदा. म्हणजे गोष्ट सांगणारा सुरुवातीलाच झरा म्हणतो, ती स्त्री विहीर म्हणते, आणि प्रभू तिला पुन्हा झऱ्याकडे नेतो. किंग जेम्स इंग्रजी बायबल सगळीकडे एकच शब्द वापरतं, त्यामुळे नुसत्या इंग्रजीवरून हे कळलं नसतं. ५४२१ वर पुढे गेलो तर लूक १४ मध्ये शब्बाथ दिवशी बैल पडतो ती विहीर निघाली, आणि प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायातला अगाधकूपही. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी त्या रात्री वहीत लाल 'पाहणे'च्या खाली निळ्या शाईने 'पाहिले' असं लिहिलं. त्यानंतरच वह्या संगणकात उतरवायचं मनावर घेतलं.

सहा वर्षं मी ते टंकलं. शाळा सुटल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कधी पहाटे वीज असेल तेव्हा. २००९ मध्ये तो संगणक गेला, नवा आला, आणि जुन्या फाइली उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही. मी तुला फोन केला तेव्हा माझा आवाज कसा येत होता ते तूच नंतर तुझ्या आईला सांगितलंस म्हणे.

तू समजावलंस ते आजही माझ्या डोक्यात पक्कं आहे. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अशी नसतेच. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा आकडा आहे, म्हणून ते कुठल्याही यंत्रावर तेच राहतं. पण नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने ठेवलेली, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, उच्चारात नंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. तुझ्या पहिल्या प्रयत्नात पानभर 'प्राथर्ना' झाली होती. ख्रिस्ताच्या नावाची वेलांटी सुटून पुढे एकटीच लोंबत होती. तू नियम लिहीत गेलास, मी चुका सांगत गेले. शेवटच्या वह्यांसाठी तर मी मूळ वही हातात धरून ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची आणि तू पडद्यावर बोट ठेवून पाहायचास. क्लास बंद करून रात्री नऊला यायचास, साडेअकराला जायचास. ते अडीच महिने चाललं. पैशाचा विषय काढला की तू चप्पल घालायला लागायचास.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाक आपल्या बापाच्या विहिरी पुन्हा खणतो. पलिष्ट्यांनी त्या मातीने बुजवलेल्या असतात. तो त्यांना बापाने दिलेलीच नावं ठेवतो. संडे स्कूलमध्ये हा धडा मी कितीदा शिकवला असेन, पण त्या अडीच महिन्यांनंतर शिकवताना माझा घसा दाटून आला. मुलांना कारण सांगता आलं नाही. तुला सांगते आहे.

पुढे मराठी बायबलही पडद्यावर आलं आणि मला वाटलं, आता सगळं सोपं. तेव्हा शोधण्याची अडचण कळली. 'विहीर' शोधलं की 'विहिरीवर', 'विहिरीतून' सापडायचं नाही, कारण प्रत्यय लागला की दीर्घ 'ही'ची ऱ्हस्व 'हि' होते. 'पाणी' शोधलं की 'पाण्याने' निसटायचं. तू सांगितलंस, पूर्ण शब्द नका देऊ, नुसतं 'विह' द्या. 'दुसऱ्या'चं तर मला अजून नवल वाटतं. पडद्यावर डोळ्याला तंतोतंत सारखा दिसणारा शब्द आत दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो : एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि त्याला जोडलेलं एक अदृश्य चिन्ह. एक शोधला तर दुसरा मिळत नाही. माझ्या टिपणांत दोन्ही निघाले. आता चांगली सॉफ्टवेअरं असा फरक आतल्या आत मिटवून घेतात, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तू मात्र तेव्हा माझी सगळी टिपणं हाताने एकसारखी केलीस.

बुधवारच्या अभ्यासात तीन भाषा आहेत, हे सोलापूरबाहेरच्यांना नवल वाटेल, आपल्याला नाही. मराठी आम्ही बहुतेक, पूर्व भागातल्या चार तेलुगू बहिणी, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक कन्नड काका. तिन्ही बायबलं शेजारी शेजारी लावून दिलीस तेव्हा तेलुगू जोडाक्षरं नीट जुळत नव्हती. ती वाचून तपासायला तूच होतास, मला त्यातलं काय कळणार. तुझं घर मार्कंडेयाच्या रथाला खांदा देणारं, आणि तू आमच्या बहिणींसाठी तेलुगू स्तोत्रं एकेक करून वाचून पाहिलीस. त्या अजून तुझ्यासाठी प्रार्थना करतात.

त्याच सुमारास मी हिब्रू मूळही शेजारी लावायचा हट्ट धरला आणि एक्कावन्नावं स्तोत्र सरकलं. हिब्रू बायबलात स्तोत्राच्या मथळ्यालाही वचनाचा आकडा असतो, त्यामुळे आपलं पहिलं वचन तिथे तिसरं. मलाखीचे आपल्याकडे चार अध्याय, हिब्रूत तीनच. मजकूर तेवढाच, मोजणी वेगळी. जुन्या सॉफ्टवेअरला हे कळायचं नाही, ते तिसऱ्यासमोर तिसरं ठेवायचं आणि आम्ही भलताच अर्थ जुळवत बसायचो. नंतरच्या आवृत्त्यांत ही जुळणी आत बसवली गेली. रंग बदलले, चित्रं बदलली, त्याचं मला फारसं काही नाही. ही सुधारणा मात्र मला फार मोठी वाटते. चुकीच्या वचनासमोर चुकीचं वचन ठेवून केलेला अभ्यास कितीही मनापासून केला तरी तो चुकतोच.

२०१८ साली बायबलवर्क्स हे सॉफ्टवेअर बंद झालं, १९९२ पासून चाललेलं. मूळ भाषांच्या अभ्यासाला ते फार नावाजलेलं. ओळखीच्या एका पाळकांनी पै पै साठवून ते घेतलं होतं. त्यांच्या घरून परतल्यावर तू माझी टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींत काढलीस, तीन प्रती केल्यास आणि म्हणालास, "बाई, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण वह्या त्याच्या बाहेर राहू द्या." क्रॉसवायर संस्थेच्या स्वयंसेवकांनी खुल्या पद्धतीने वाढवलेलं स्वोर्ड हे बायबल सॉफ्टवेअर, त्याच घराण्यातलं मोबाईलवरचं अँडबायबल, हे तू सगळ्यांना घालून दिलंस. इंटरनेट नसलं तरी चालतं, म्हणून टाळेबंदीत ज्यांचा रिचार्ज संपला होता तेही फोनवर बोलता बोलता वचन उघडू शकले.

आता अक्षर बोटाने मोठं होतं. मोतीबिंदू झालेल्या आमच्या सत्तरीतल्या मावशी मोबाईल कानाला लावून अध्याय ऐकतात. पुण्याला जाताना गाडी केडगावावरून जाते तेव्हा मी खिडकीशी बसते. पंडिता रमाबाईंनी तिथे राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून मराठी बायबल केलं, १९२२ साली जाण्याच्या थोडं आधीपर्यंत त्या त्याच कामात होत्या. एकेका शब्दासाठी त्यांना किती पुस्तकं उघडावी लागली असतील. आज तो शब्द माझ्या अंगठ्याखाली आहे. बाबांनाही तो मिळायला हवा होता.

बाळा, तुझे आभार कशाकशाचे मानू? नव्या गोष्टी मला कुणीही आणून दिल्या असत्या. पण प्रत्येक वेळी नवं आलं की बाबांच्या वह्या तू आधी त्यात सुखरूप नेल्यास, मग मला नवं दाखवलंस. तेवीस वर्षांत एकदाही तो क्रम चुकला नाही. माझ्या पोटच्या मुलाने यापेक्षा जास्त काय केलं असतं?

एक काम राहिलं आहे. नवव्या वहीची शेवटची आठ पानं पावसात भिजून शाई पसरली आहे. मला तिथे फक्त लाल 'पाहणे' ओळखू येतो, वरचा प्रश्न वाचता येत नाही. तू म्हणाला होतास, फोटो काढून त्याचे रंग कमी-जास्त केले तर अक्षर वर येईल. नारळी पौर्णिमेचा रथ झाला की मोकळ्या वेळी ये. आईलाही घेऊन ये. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवते. वही टेबलावरच असेल.

तुझ्या बाई,
सोलापूर