घरांच्या ताब्याआधी शाळेचे वर्ग सुरू व्हावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या गृहसंकुलांना परवानगी देताना पाणी, सांडपाणी, रस्ते आणि अग्निसुरक्षा यांची तपासणी होते. मात्र तिथे राहायला येणारी मुले कोणत्या वर्गखोलीत बसणार, हा प्रश्न बहुतेक वेळा संकुल भरल्यावरच विचारला जातो. तोवर जवळच्या शाळेत प्रयोगशाळेत वर्ग भरवण्याची आणि दोन पाळ्या लावण्याची वेळ आलेली असते.

खरे तर हे आधीच ओळखता येते. सहा वर्षांनी पहिलीत येणारे मूल आजच्या जन्मनोंदीत सापडते, म्हणून जुन्या वस्तीत पटसंख्येचा अंदाज बांधणे सोपे असते. नव्या वस्तीतली मुले मात्र अन्यत्र जन्मलेली असतात आणि आईवडिलांबरोबर एकदम येतात. तिथे अंदाज घरांवरूनच बांधावा लागतो, आणि तोही नुसत्या संख्येवरून नव्हे, कारण एका खोलीच्या शंभर सदनिकांतून आणि तीन शयनगृहांच्या शंभर सदनिकांतून शाळेत जाणारी मुले सारखी नसतात. शिवाय तरुण कुटुंबांच्या वसाहतीत गर्दी आधी बालवाडी व प्राथमिक वर्गांत होते, काही वर्षांनी माध्यमिककडे सरकते आणि पुढे ओसरते. त्यामुळे गरजेप्रमाणे खोल्या वाढवता येतील आणि पट घटल्यावर दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी वापरता येईल, अशीच इमारत बांधायला हवी.

अमेरिकी नगरनियोजक क्लॅरन्स पेरी यांनी १९२९ साली आदर्श वस्तीची कल्पना मांडली, तेव्हा एका प्राथमिक शाळेला पुरेल एवढी लोकसंख्या हेच तिच्या आकाराचे माप धरले होते. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगरनियोजन कायद्यातील कलम १०६ नुसार परवानगी देतानाच विकासकाशी शाळेच्या जमिनीचा किंवा निधीचा करार करता येतो. अमेरिकेतील माँटगोमेरी काउंटीत शाळा भरून गेलेल्या भागात नव्या घरांना स्थगिती मिळत असे. २०२० मध्ये बहुतांश भागांतून ती उठवून विकासकांकडून जादा रक्कम घेण्याचे ठरले. हा बदल मला योग्य वाटतो. बांधकाम अडवल्याने लोकांची घरांची गरज कमी होत नाही.

तरीही निधी शेवटच्या टप्प्यात हाती आला, तर पहिल्या टप्प्यात राहायला आलेल्या मुलांचे प्राथमिक शिक्षण तोवर संपलेले असते. आराखड्यात आरक्षित दाखवलेला भूखंड म्हणजेही शाळा नव्हे. म्हणून किती घरांचा ताबा देण्याआधी किती वर्ग सुरू झाले पाहिजेत, ही अट परवानगीच्या आदेशातच असावी आणि त्या वर्गांसाठी शिक्षकांची पदेही त्याच वेळी मंजूर व्हावीत. नियोजन आणि शिक्षण या दोन्ही विभागांनी मंजूर घरे, अपेक्षित मुले आणि उपलब्ध जागा यांचा परिसरनिहाय तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करावा, म्हणजे घर नोंदवण्याआधी पालकांना तो पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक