दुबईला येणाऱ्यांनी सिमचं आधी वाचा
राम राम मंडळी, जळगाव-भुसावळवाले सगळे वाचा आणि वाचलं की अंगठा टाका. कालपासून एकच प्रश्न चाललाय सिम कोणतं घेऊ, तर आधी घरी बसूनच *#06# डायल करा, त्यात ईआयडी नंबर दिसला तर तुमचा फोन ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच नेटवरून टाकायचं सिम) घेतो, मग प्रवासाचं ई-सिम निघायच्या आधीच घरच्या वायफायवर टाकून ठेवा कारण ते टाकायला नेट लागतं. नाही दिसला तर दुबई एअरपोर्टवर उतरल्यावर टुरिस्ट सिम मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, तो बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

आपलं इकडचं सिम काढून फेकू नका हो!! बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघायच्या आधी त्याचं इंटरनॅशनल रोमिंग (म्हणजे परदेशात आपलं सिम चालायची सोय) चालू करून घ्या पण डेटा रोमिंग, म्हणजे त्या सिमवरचं नेट, बंद ठेवा, आणि रोमिंगचा पॅक नसेल तर आलेला फोन उचलायचेही पैसे लागतात. मी मागे डेटा बंद करायला विसरलो, बिल पाहून सौ. दोन दिवस बोलल्या नाहीत.

अजून एक, तिकडे व्हॉट्सॲपचा मेसेज, फोटो जातो पण कॉल सहसा लागत नाही, व्हिडिओ कॉल पण नाही. नातवंडांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर आजी हरवली म्हणून इकडे गोंधळ.

नाना, तुमचा बटणांचा फोन आहे, तुम्ही माझ्याच फोनवरून बोला.