दहा डॉलरला घेतलेला अंक

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेल्या आठवणी, दोन्ही सावकाश वाचलं. अमेरिकेतल्या जुन्या कॉमिक-संग्राहकांच्या गप्पांत हाच सूर असतो: अमुक अंक पाच डॉलरला घेतला, तमुक दहाला, एक तर खोक्याबरोबर फुकटच आला. ते वाचून ‘आपल्याला फार उशीर झाला’ असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही. त्या आकड्यांत अर्धीच माहिती असते. अंक कोणत्या साली घेतला, त्याची अवस्था काय होती आणि तो पूर्ण होता का, हे कळल्याशिवाय कुठलाही भाव स्वस्त की महाग ते ठरवता येत नाही. यातला शेवटचा प्रश्न आजही बहुतेक जण विचारत नाहीत, आणि म्हणूनच चांगला अंक कमी पैशात मिळायची वाट अजून बंद झालेली नाही.

आधी साल बघू. १९६५ मध्ये अमेरिकेत किमान वेतन तासाला सव्वा डॉलर होतं. दहा डॉलर म्हणजे आठ तासांची मजुरी. त्याच वेळी दुकानात नवा अंक बारा सेंटला मिळत होता, म्हणजे त्या दहा डॉलरमध्ये त्र्याऐंशी नवे अंक आले असते. एका जुन्या अंकासाठी इतके पैसे मोजणाऱ्याला आपण स्वस्तात काही घेतोय असं वाटलं नसणार. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचं पहिलं किंमत-गाइड निघालं. त्यात ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ १, म्हणजे जून १९३८ चा सुपरमॅनचा पहिला अंक, ३०० डॉलरचा होता. तीनच वर्षांनी एका तरुणाने तोच अंक १,८०१ डॉलर २६ सेंटला घेतला आणि त्याची बातमी झाली. तेव्हाचं किमान वेतन १ डॉलर ६० सेंट. हिशेब केलास तर सव्वाअकराशे तास होतात. आठवड्याला चाळीस तास धरले तरी अठ्ठावीस आठवड्यांची कमाई. एप्रिल २०२४ मध्ये याच अंकाची, अवस्थेला दहापैकी ८.५ ग्रेड मिळालेली एक प्रत ६० लाख डॉलरला गेली, म्हणून १९७३ चा आकडा आज किरकोळ दिसतो. तेव्हा तो तसा नव्हता.

मग तरीही हे अंक एके काळी खोक्यांनी का मिळायचे? कारण ते टिकवण्यासाठी छापलेच नव्हते. स्वस्त न्यूजप्रिंट, दोन पिना, वर पातळ चकचकीत कव्हर. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि त्यात गठ्ठेच्या गठ्ठे गेले. १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, त्याच वर्षी कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, आला, काही गावांत तर अंकांच्या होळ्या झाल्या. विक्रेत्यांची पद्धतही अंकांच्या मुळावर येणारी होती. न खपलेल्या अंकाच्या कव्हरची वरची, नाव असलेली पट्टी फाडून परत पाठवायची आणि पैसे वळते करून घ्यायचे. उरलेला अंक फेकायचा. तो फेकलेला अंक बरेचदा गुपचूप कमी पैशात विकला जायचा. म्हणून कुणी ‘अंक पाच सेंटला मिळाला’ म्हटलं की कव्हरची वरची पट्टी होती का, हे जरूर विचार.

अवस्थेचा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. सत्तरच्या दशकात गाइडमध्ये गुड, फाइन आणि मिंट (म्हणजे नव्यासारखा) असे तीनच रकाने असायचे, आणि टपालाने विकणारे व्यापारी चांगला दिसणारा कुठलाही अंक मिंटमध्ये ढकलायचे. आज दहा गुणांची मोजपट्टी आहे: ०.५ म्हणजे पुअर, २.० गुड, ४.० व्हेरी गुड, ६.० फाइन, ८.० व्हेरी फाइन, ९.४ निअर मिंट. पाठीवर, म्हणजे घडीच्या कडेला, रंग तुटलेल्या पाच-सहा बारीक आडव्या रेघा असल्या की अंक ९.४ ला पोचत नाही. जुन्या यादीतला मिंट आज ६.० वर येऊन थांबला तर नवल नाही. महत्त्वाच्या अंकांत ६.० आणि ९.४ यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. म्हणजे जुनी किंमत एका मोजपट्टीवरची आणि आजची दुसऱ्या, आणि तुलना मात्र आपण सरळसरळ करतो.

आता पूर्णतेकडे येतो, कारण तुला पैसे मिळवून देणारी किंवा बुडवणारी गोष्ट हीच आहे. साठ-सत्तरच्या दशकातला नेहमीचा अंक म्हणजे आठ मोठे कागद मधोमध दुमडलेले आणि वर कव्हर. आठ कागदांची सोळा पानं, बत्तीस पृष्ठं. चाळीसच्या सुरुवातीचे चौसष्ट पृष्ठांचे अंक असतील तर सोळा कागद. गोष्ट वाचत बसू नकोस, पानं मोज. मधला कागद सगळ्यात आधी पिनांमधून सुटतो. तो नसला तर १५ ते १८ ही चार पृष्ठं जातात, आणि त्यात जाहिराती असतील तर गोष्ट वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पुढचं एखादं पान फाटून गेलं असेल तर त्याचं मागच्या बाजूचं जोडीदार पान सुटं हलतं, तेही चाचपून बघ. मधला कागद आहे पण त्याच्या पिनांची भोकं दोन-दोन आहेत, किंवा त्याचा रंग बाकीच्या पानांपेक्षा उजळ आहे, तर तो दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेला आहे.

कापलेली कुपनं ही त्याच्या पुढची पायरी. ‘इन्क्रेडिबल हल्क’ १८१ (नोव्हेंबर १९७४, २५ सेंट) घे. वूल्व्हरिन या पात्राचं पहिलं पूर्ण दर्शन म्हणून त्याला मागणी प्रचंड. त्या काळात मार्व्हल ही प्रकाशन संस्था वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटं तिकीट छापायची. मुलांनी ते कापून वहीत चिकटवावं अशी योजना होती. या अंकात ५४ क्रमांकाचं, शॅना द शी-डेव्हिलचं तिकीट आहे. असंख्य प्रतींतून ते कापलेलं आहे. बाहेरून अंक कोरा करकरीत दिसतो आणि आत टपालाच्या तिकिटाएवढी खिडकी असते. अशा प्रतीची किंमत कोसळते. विकणारा मुद्दाम लपवतो असं नाही, बरेचदा त्याने आत बघितलेलंच नसतं. तशीच याची उलटी बाजू: कव्हर मळकं म्हणून खालच्या खोक्यात टाकलेला अंक आतून पूर्ण, तिकिटासकट, पांढऱ्या पानांचा निघतो. तो घ्यायचा.

दुरुस्ती ओळखायला तीन साधनं पुरतात: भिंग, पट्टी आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च. पाठीच्या कडेवरचा काळा किंवा लाल रंग जरा जास्तच सलग वाटला तर कव्हर उलटून आतली पांढरी बाजू बघ; पेनने भरलेला रंग तिथे झिरपलेला दिसतो. अंधारात टॉर्च मारलीस तर जुना कागद मंद राहतो आणि नवा जोड निळसर पांढरा चमकतो, कारण नव्या कागदात उजळपणासाठी रसायन असतं. पिनेभोवती गंजाचा डाग आणि पीन मात्र लख्ख, तर पीन बदललेली आहे. कड कापली आहे का हे पट्टीने कळतं. साठच्या दशकातला अंक साधारण सात इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच असतो, पण कारखान्यातच माप थोडं इकडेतिकडे व्हायचं, म्हणून नुसत्या मापावर निकाल देऊ नकोस. तिन्ही कडा एकसारख्या ताज्या, तीक्ष्ण आणि आतल्या पानांपेक्षा उजळ दिसल्या तर मात्र सावध हो. उलट साठच्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांच्या उजव्या कडेला बारीक टवके गेलेले असतात. ते छापखान्यातल्या बोथट पात्यामुळे. तो दोष आहे, लबाडी नाही. ग्रेडिंग कंपनी सीजीसी २००० साली सुरू झाली, तेव्हापासून दुरुस्त केलेल्या अंकाला जांभळं लेबल लागतं आणि जांभळं म्हटलं की खरेदीदार मागे सरतो. तुला अंक जपायचाच असेल, विकायचा नसेल, तर नीट दुरुस्त केलेला जांभळ्या लेबलचा अंक हा माझ्या मते आजचा सगळ्यात चांगला सौदा आहे. उघड सांगितलेली दुरुस्ती वाईट नसते.

पुनर्मुद्रणाचं थोडक्यात. ‘अ‍ॅक्शन’ १ ची डीसी या प्रकाशन संस्थेने १९७४ मध्ये मोठ्या आकाराची प्रत काढली होती, साडेतेरा इंच उंच. तिचं बाहेरचं कव्हर काढून टाकलं की आत हुबेहूब मूळ कव्हर, दहा सेंट किमतीसकट. दरवर्षी कुणीतरी आजोबांच्या पेटीत खजिना सापडला म्हणून हीच घेऊन येतो. पट्टी लावली की प्रश्न मिटतो. ‘फॅन्टॅस्टिक फोर’ १ आणि ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ १ यांच्या १९६६ च्या, ग्रामोफोन रेकॉर्डबरोबर आलेल्या प्रतींवर किंमतच छापलेली नाही. ‘सेरेबस’ १ (१९७७) ची तर बनावट आवृत्तीच आहे: खऱ्या अंकात कव्हरची आतली बाजू निस्तेज असते, बनावटीत चकचकीत. ‘स्टार वॉर्स’ १ (जुलै १९७७) बहुतेक ठिकाणी ३० सेंटला होता, मोजक्या ठिकाणी चाचणी म्हणून ३५ ला विकला. ती ३५ सेंटची पहिली छपाई दुर्मिळ आहे, पण पुढच्या पुनर्मुद्रणांवरही ३५ च आहे. पहिल्या छपाईत किंमत चौकोनात असते आणि कोपऱ्यात बारकोडच्या रेघा असतात. किंमत तिरक्या चौकोनात असेल तर घेऊ नकोस. पहिल्या पानाच्या तळाशी किंवा कव्हरच्या आत बारीक अक्षरांत प्रकाशनाची माहिती असते, ती वाचल्याशिवाय कुठलाच अंक घेऊ नये.

एक उदाहरण सांगतो, त्याने भावाविषयीचा माझा मुद्दा स्पष्ट होईल. १९७७ मध्ये चक रोझान्स्की या कॉमिक-विक्रेत्यांना कोलोरॅडोत एडगर चर्च यांचा संग्रह मिळाला, अठरा ते बावीस हजार अंकांचा. हवा कोरडी आणि अंक एकावर एक घट्ट रचलेले, त्यामुळे चाळीसच्या दशकातली पानं पांढरीशुभ्र राहिली होती. रोझान्स्कींनी ते गाइडपेक्षा जास्त भावाने विकले, आणि अनेक संग्राहकांनी नावं ठेवली. ज्यांनी नाकं मुरडत का होईना ते पैसे दिले, त्यांच्या हाती त्या अंकांच्या ज्ञात प्रतींपैकी अनेक सर्वोत्तम प्रती आल्या. त्यांनी बाजारभावापेक्षा जास्त मोजले आणि तरी तीच त्या काळातली सगळ्यात स्वस्त खरेदी ठरली. आता ऑक्टोबर १९९१ चा ‘एक्स-मेन’ १ बघ. पाच वेगवेगळी कव्हरं, ८० लाखांहून जास्त प्रती, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने जपून ठेवलेला. आज तो डॉलरला एक अशा खोक्यात पडून असतो आणि पुढेही तिथेच राहील. नव्वदच्या दशकातला, बंद पिशवीतला ‘खास’ अंक कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर वाचायला घे, ठेवायला नको.

घेतलेला अंक ठेवताना पिशवीपेक्षा मागचा पुठ्ठा महत्त्वाचा. तो आम्लरहित आणि कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असलेलाच हवा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कव्हरच्या मागे तपकिरी छटा सोडतो. चांगल्या अंकांना पॉलिएस्टरची, मायलर म्हणतात ती पिशवी, बाकीच्यांना पॉलिप्रॉपिलीन चालेल, फक्त काही वर्षांनी बदल. अंक काढताना पिशवीच्या झाकणाची टेप कव्हरला चिकटून रंग उचलते, आणि ९.४ चा अंक एका झटक्यात ७ वर येतो. म्हणून टेप आधी पूर्ण काढून मगच अंक बाहेर घे. अंक उभेच ठेव. खोकं अर्धंच भरलं असेल तर मागे आधार दे, नाहीतर अंक तिरके होऊन पाठ वळते.

तू ज्या १९६३ च्या अंकाबद्दल विचारलंस, त्यावर नुसत्या पुढच्या कव्हरच्या फोटोवरून मत देता येणार नाही. विकणाऱ्याकडून हे मागव: पुढचं आणि मागचं कव्हर, दोन्हींच्या आतल्या बाजू, प्रकाशनाच्या माहितीचं पहिलं पान, दोन्ही पिना दिसतील असा मधल्या कागदाचा फोटो, आणि दिवा बाजूने तिरका धरून काढलेला कव्हरचा एक फोटो. त्या शेवटच्या फोटोत दाबल्याच्या खुणा आणि रंग न तुटलेल्या घड्या दिसतील. त्या तज्ज्ञाकडून प्रेस करून घेता येतात आणि सीजीसी त्याला दुरुस्ती धरत नाही. रंग तुटलेली घडी मात्र जात नाही. पानं मोजून सोळा आहेत असं त्याच्याकडून लेखी घे. तो टाळाटाळ करायला लागला तर भाव कितीही चांगला असो, सोडून दे. फोटो आले की मला पाठव, त्याच दिवशी कळवतो.

तुझा,
विनय